आंबेनाळचा प्रात्यक्षिक उकिरडा

कोणत्याही देशाचा कारभार जितक्या लांबून पाहावा, तितका तो नीटनेटका दिसतो. चीन आंबेनाळपासून भरपूर लांब आहे. (देवणीच्या पुढं एसटी जिथं वळते, आणि बऱ्याचदा वळत नाही, तिथून आत आंबेनाळ. चीन त्याच्याही पुढं.) त्यामुळं आंबेनाळातून चीनचा कारभार फारच स्वच्छ दिसत असे, आणि तो तसा दिसत राहावा ही जबाबदारी गावात एकट्या भुजंग हालगे सरांवर होती.

सर उदगीरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. त्यांचा प्रबंध चीनमधल्या सार्वजनिक धोरणनिर्मितीवर होता. सर स्वतः चीनला गेले नव्हते. पूर्वेकडं त्यांची मजल हैदराबादपर्यंत, तीही मेहुण्याच्या लग्नापुरती. पण न जाण्याचा एक मोठा फायदा असतो. पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणसाच्या मनात शंका येतात. सरांच्या मनात एकही नव्हती. पुढं अभ्यासक्रमातून चीनचं प्रकरण गळालं, तरी सरांनी ते शिकवणं सोडलं नाही. मुलांनी ऐकणं त्याआधीच सोडलेलं असल्यामुळं कुणाचं नुकसान झालं नाही.

रिटायर होऊन सर गावी आले तेव्हा गावानं त्यांचं नाव ‘चिनी सर’ ठेवलं. कुणाचा मोबाइल बंद पडला किंवा दिवाळीची माळ एका बाजूनं विझली, की लोक सरांकडं असं बघत, जणू तो माल त्यांनीच पाठवला होता. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई यांचं चीनबद्दल एकच कुतूहल होतं. तिथं रिटायर झालेले नवरे दिवसभर कुठं पाठवतात, तेवढं कुठल्या पुस्तकात असलं तर बघा, असं त्या म्हणत.

अशा माणसाला एके दिवशी चीनबद्दल खराखुरा प्रश्न विचारला गेला. विचारणारी होती वहिदा. वहिदाचं शिवणकामाचं दुकान गावाच्या मधल्या गल्लीत. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस, आणि लग्नसराईत नवरीचे शालू-घागरे. दुकान चांगलं चालावं अशी जागा होती; फक्त पायरीला लागून एक उकिरडा होता. तो अमृतरावांचा. अमृतराव हे माजी सरपंच आणि सध्याच्या सरपंचांचे सासरे. (पहिल्या पदाला मुदत असते, दुसऱ्याला नसते.) त्यांच्या दावणीला देवणी जातीचे बैल होते, आणि अशा जातिवंत जनावराचं शेण कुठंही टाकता येत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते वहिदाच्या दारात टाकत. गिऱ्हाइकं उडी मारून दुकानात येत. माश्या जरीवर बसत. पावसात उकिरड्याचं पाणी थेट मशीनच्या पायडलपर्यंत येई. वहिदानं अर्ज केले होते. सगळे अर्ज विचाराधीन होते, म्हणजे त्यांच्याबद्दल कुणीच विचार करत नव्हतं.

सर धोतराच्या कापडाची उशी शिवायला घेऊन गेले होते. वहिदानं माप घेता घेता विचारलं, “सर, तुमच्या चीनमधी बाईच्या दारात दुसऱ्याचा उकिरडा असला, तर काय करतेत?”

सर खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. नोकरीच्या सबंध काळात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. प्रश्न उकिरड्याचा होता, पण शेवटी तो चीनमधला होता. मग सर बोलले. चीनमध्ये एकदम सगळ्या देशाला हुकूम सोडत नाहीत. आधी एका जागी करून बघतात. जमलं तर त्या जागेला आदर्श म्हणतात, बाकीच्यांना तिथं आणून दाखवतात आणि मग ते देशभर पसरवतात. वरचे फक्त दिशा सांगतात, वाट खालच्यांनी शोधायची. आकडे चांगले आले तर अधिकारी वर चढतो, वाईट आले तर तिथंच सडतो. असं सगळं सांगून होईपर्यंत चहावर साय धरली होती. वहिदानं शेवटपर्यंत ऐकलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “मंग ती पहिली जागा आमच्या गल्लीत करा की.”

सर त्या दिवशी उशीचं कापड दुकानातच विसरले.

ते सरळ सरपंचांकडं गेले. सरपंच तारामतीबाई हुशार होत्या. पाइपलाइन त्यांनी भांडून आणली होती, शाळेला संरक्षक भिंत बांधून घेतली होती. पण घरात सासऱ्यांना पान वाढताना उकिरड्याचा विषय काढणं त्यांना जमलेलं नव्हतं. सरांची योजना ऐकून त्यांचा चेहरा उजळला. सगळ्या गावाचे उकिरडे हलवायचे म्हटलं, तर मामंजींचा आपोआप त्यात येईल. त्यांना वेगळं सांगायलाच नको. जे सासऱ्याला तोंडावर सांगता येत नाही ते सगळ्या गावाला सांगणं म्हणजे धोरण, ही व्याख्या सरांच्या प्रबंधात नव्हती. आली असती तर प्रबंध बराच लहान झाला असता.

कामाला सुरुवात झाली. सरांनी गावाच्या जाळ्या पाडल्या. चीनमध्ये शहरांच्या अशा चौकटी करतात आणि प्रत्येक चौकटीवर एक माणूस नेमतात. कुठं कचरा पडला, कुणाकडं पाहुणा आला, कुणाचं कुणाशी वाजलं, हे तो वर कळवतो. आंबेनाळात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चोख चालू होतं, तेही फुकट. कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे कढई उतरायच्या आत तिसऱ्या गल्लीला माहीत असे. पण आता रीतसर जाळीप्रमुख नेमले गेले, त्यांना ओळखपत्रं मिळाली, आणि त्याच आठवड्यात गावातली बातमी पोचणं बंद झालं. एकदा काम सरकारी झाल्यावर ते फुकट कोण करणार?

मग घोषणा आली. चीनमध्ये धोरणाला आकड्यांची घोषणा लागते, त्याशिवाय ते धोरण वाटत नाही. सरांनी दोन दिवस खपून केली: ‘एक ध्येय, दोन खबरदाऱ्या, तीन निर्धार, चार नको.’ भिंतीवर रंगवली. कोणते चार नको हे सरांना सांगायचं होतं, पण भिंत तिथंच संपली. गावानं ते चार आपापले ठरवून घेतले. रेणुकाबाईंच्या यादीत सर पहिल्या क्रमांकावर होते.

उद्दिष्ट मात्र नेमकं होतं. गावात उकिरडे बेचाळीस. त्यातले दहा रस्त्यावरून हलवावेत, असं तारामतीबाईंनी ठरवलं. सदस्यांनी सरपंचांसमोर बरं दिसावं म्हणून ते वीस केले. जाळीप्रमुखांनी सदस्यांसमोर बरं दिसावं म्हणून चाळीस केले. आणि हे सगळं कागदावर घेणारे ग्रामसेवक चन्नबसप्पा यांना ‘वर’ बरं दिसायचं होतं. (‘वर’ म्हणजे नेमकं कोणती कचेरी, हे विचारायची पद्धत नाही. मान वर केली की पुरे.) चन्नबसप्पा हे स्वभावानं भिडस्त गृहस्थ. कुणी कळवलेला आकडा खोडणं त्यांना असभ्य वाटे. एकच उकिरडा दोन जाळ्यांच्या हद्दीवर असला, तर तो दोघांनी हलवला म्हणून त्यांनी दोनदा धरला. या गल्लीतून त्या गल्लीत गेला, तर तिथूनही हलवावा लागला म्हणून तिसऱ्यांदा. तिमाहीच्या अखेरीस बेचाळीस उकिरडे असलेल्या गावानं एकशे सत्तावीस उकिरडे हलवले होते.

सरांना क्षणभर शंका आली. पण मग त्यांना आठवलं की चीनमध्येही एके काळी सगळ्या प्रांतांच्या उत्पन्नाची बेरीज देशाच्या उत्पन्नापेक्षा जास्त भरत असे. म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत. त्या रात्री सरांना गाढ झोप लागली.

एकशे सत्तावीस हा आकडा वर गेला आणि वर खळबळ उडाली. इतर गावांना विचारणा झाली की आंबेनाळ करू शकतं तर तुम्ही का नाही. आणि एका मंगळवारी आंबेनाळ कसं करतं ते बघायला जीपगाड्या आल्या. साहेबांनी टोपी सारखी करून विनंती केली की एखादा उकिरडा हलवून दाखवा.

इथं पेच आला. धोरणातला काही भाग खरंच अमलात आला होता. लोकांनी रस्त्यालगतचे बरेचसे उकिरडे शेतात नेले होते. दाखवण्याजोगा, भरघोस, फोटोत मावणारा असा उकिरडा आता एकच उरला होता. अमृतरावांचा. त्यांनी आतापर्यंत साफ नकार दिला होता. पण साहेबांनी स्वतः नमस्कार केला, गळ्यात हार घातला, बैलांची वंशावळ विचारली. अमृतरावांनी परवानगी दिली. एक ट्रॉली भरली, टाळ्या झाल्या, फोटो झाले, ट्रॉली मारुतीच्या देवळाला वळसा घालून गेली. गाड्या गेल्यावर ट्रॉली देवळामागून परत आली आणि शेण जिथल्या तिथं ओतलं गेलं.

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या तालुक्याचे लोक आले. मग उमरीकडचे आले, मग किल्लारीकडचे. दर मंगळवारी उकिरडा समारंभानं हलवला जाई आणि बुधवारच्या आत परत येई. अशा रीतीनं तो प्रात्यक्षिक उकिरडा ठरला. प्रात्यक्षिकाला साधन लागतं आणि साधन जपावं लागतं. म्हणून त्याभोवती लोखंडी कठडा आला. कठड्याला निळा रंग आला. पाटी आली: ‘आदर्श उकिरडा-निर्मूलन केंद्र. कृपया हात लावू नये.’ एकदा पावसानं उकिरडा जरा खचला, तर जाळीप्रमुखांनी घरोघरी फिरून शेण गोळा केलं आणि तो पूर्वीपेक्षा हातभर उंच केला. कठडा रुंदावताना वहिदाच्या पायरीचा अर्धा दगड आत गेला, तेव्हा तिच्या सहकार्याबद्दल तिला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. ते तिनं माश्या हाकलायला ठेवलं.

सर तिच्या दुकानावरून जाणं टाळू लागले. पण गाव केवढं? एका दुपारी ती समोरच आली. ती रागावली नव्हती, हेच सरांना जड गेलं. तिनं फक्त विचारलं, “सर, चीनमधी ह्याच्या पुढं काय होतं?”

सरांनी तोंड उघडलं. प्रबंधाची सगळी प्रकरणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. पहिली जागा, आदर्श जागा, पाहणी, प्रसार. उकिरडा ज्या बाईच्या दारात होता, तिचं प्रकरण कुठंच नव्हतं. बघून सांगतो, असं म्हणून सर घरी आले आणि रेणुकाबाईंनी दोनदा विचारूनही जेवले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, तेव्हा जेवले. पण चव लागली नाही.

आणि त्याच सुमारास चीन स्वतःच आंबेनाळला आलं.

त्याचं नाव लिन. वय अठ्ठावीसच्या आसपास, पाठीवर पिशवी, पायात मळके बूट. हैदराबादच्या एका विद्यापीठात ती आपल्या ग्रामसभांवर संशोधन करत होती आणि हिंदी ती तिच्याच देशात पुस्तकांतून शिकली होती. ती येणार असं पत्र आल्यापासून सरांनी तीन दिवस आरशापुढं ‘नी हाव’, म्हणजे चिनी नमस्कार, घोकून ठेवला होता. मराठवाड्याच्या माणसाला त्यातला अर्धा भाग उपजत येतो. एसटीतून ती उतरल्याबरोबर सरांनी तो म्हटला. तिनं हात जोडून “नमस्कार” म्हटलं. त्यापुढं सरांकडं चिनी नव्हती आणि तिच्याकडं मराठी नव्हती.

तिला सगळं दाखवलं गेलं. मधल्या गल्लीत निळा कठडा, रंगवलेली पाटी आणि आतला डोंगर बघून ती थबकली. थोडा वेळ आदरानं बघितलं आणि शुद्ध हिंदीत विचारलं, “क्या यह सांस्कृतिक धरोहर है?”

“नक्को बेटी,” वहिदा दुकानातून म्हणाली, “गोबर हय. अंदर आओ, पाँव सँभालके.”

त्या दोघींचं तिथं जे जुळलं, त्यात कुणाला मधे बोलायला जागाच उरली नाही. वहिदाची दखनी आणि लिनची पुस्तकी हिंदी अर्ध्या वाटेवर भेटत होत्या आणि दोघी हसत होत्या. जगातले एकमेव आंबेनाळकर चीनतज्ज्ञ पायरीच्या उरलेल्या अर्ध्या दगडावर बसून ऐकत होते. लिन सांगत होती की त्यांच्या शहरात तक्रारीचा एक फोन असतो. फोन केला की अधिकाऱ्याला धावावं लागतं, आणि तक्रार करणारा समाधानी झाला की नाही यावर त्याचे गुण ठरतात. तिच्या आईनं शेजारच्या कोंबड्याची तक्रार केली, तर अधिकारी कोंबडा सोडून आईपाशीच येऊन बसले. फळं आणली, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं आणि म्हणाले, काहीही करा, पण तेवढं ‘समाधानी’ म्हणा. आईनं म्हटलं. कोंबडा अजून ओरडतो. आणि मोठे साहेब येणार असले की तिच्या आजीच्या गावात आदल्या दिवशी झाडं लावतात. मुळं नसलेली.

सर हे कान देऊन ऐकत होते. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आयुष्यभर ज्या देशाला लांबून नमस्कार केला, तो असा गल्लीत येऊन मांडी घालून बसला होता, आणि तिथंही कुणाची तरी आई कोंबड्यामुळं जागी होती. सरांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना इतकं बरं का वाटतंय, हे त्यांना कळेना.

लिनला ग्रामसभा बघायची होती. हा दुसरा पेच. आंबेनाळात ग्रामसभा नियमित होत असे, पण ती होताना कुणी पाहिली नव्हती. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. मग चन्नबसप्पा आणि शिपाई मिळून ती एकमतानं पार पाडत. पण परदेशी पाहुणी म्हटल्यावर लोक बसलेले दिसले पाहिजेत. भोंग्यावरून पुकारा झाला. चन्नबसप्पांनी कामं वाटून दिली: सूचक, अनुमोदक, मधे मधे माना हलवणारे, महिलांचा सहभाग. लोकशाही असल्यामुळं विरोधही हवा होता. ‘विरोध, सौम्य, एक’ असं त्यांनी लिहिलं आणि तो कुणी करायचा ते सरांना विचारलं.

सर म्हणाले, वहिदा करंल. तिनं पाण्याच्या वेळेबद्दल विचारावं, सरपंचांनी उत्तर द्यावं, तिनं आभार मानावेत. चन्नबसप्पांना ते पटलं. सर वहिदाकडं जाऊन तिचं वाक्य सांगून आले. निघताना ते उंबऱ्यात जरा घोटाळले, चष्मा पुसला आणि म्हणाले की एवढंच बोलायचं, पण त्याच्यापुढं बोलता येणार नाही असं काही कायद्यात नाही. मग ते झपझप चालत घरी गेले. आयुष्यात एवढं बंड त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि धाप लागली ती चालण्यामुळं नव्हती.

सभा शाळेच्या मैदानावर भरली. सगळं गाव आलं होतं, कारण चिनी माणूस बघायचा होता. ठराव मांडले गेले, अनुमोदन मिळालं, माना हलल्या. मग विरोधाची वेळ आली. वहिदा उठली. ओढणी नीट केली.

“मला पाण्याचं विचारायला सांगितलंय,” ती म्हणाली. “पाणी बरं हाय.”

चन्नबसप्पांनी आभाराची वाट बघितली.

“अमृतमालक, माझ्या दारातला उकिरडा दर मंगळवारी हलवून तुम्ही हार घेतले. मला एकदाच हलवून द्या. फोटो नको.”

नंतर जे झालं ते कुणी वाटून दिलेलं नव्हतं. मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली की तिच्या घरातून शेण नेलं ते परत आलं नाही. एका जाळीप्रमुखानं विचारलं की ओळखपत्राचं पुढं काय. कुणी म्हणालं चार नको म्हणजे कोणते चार, ते एकदा सांगा. माना हलवायला नेमलेले लोक बोलायला लागले. सौम्य विरोधाचं रूपांतर पाहता पाहता सार्वजनिक विरोधात झालं आणि लोक एकमेकांवर ओरडू लागले, तेही इतक्या आनंदानं, की सणाला गावाचा असा आवाज निघत नसे. लिन लिहिता लिहिता थांबून नुसतीच बघत राहिली होती.

अमृतराव उभे राहिले. आवाज खाली बसला. त्यांनी वहिदाकडं बघितलं नाही. ते सरांकडं वळले.

“सर, तुम्ही जाणते. तुमच्या चीनमधी असं बाईमाणसानं भर सभेत उठून मोठ्या माणसाला बोललेलं चालतं का?”

हा चीनबद्दलचा तिसरा प्रश्न. सगळं गाव सरांकडं बघत होतं. नाही म्हटलं तर विषय तिथंच मिटणार होता. ज्या देशाच्या नावानं हे सगळं चालू झालं, त्याच देशानं वहिदाला खाली बसवलं असतं. हो म्हटलं तर ते खोटं ठरलं असतं आणि साक्षीदार समोरच बसली होती. सरांनी चष्मा सारखा केला. ते उठले.

“चालत न्हाई, अमृतराव,” ते म्हणाले. “म्हणून तर ही पोरगी एवढ्या लांबून बघायला आली.”

पहिल्यांदा वहिदा हसली, मग बायका हसल्या, मग सगळं मैदान. अमृतरावांना आपला अपमान झाला की गौरव, हे ठरवता येईना. जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसं जे बघायला येतात, ते आपल्यामुळं घडलंय, असं काहीतरी त्यात होतं खरं. ते अजून विचारात होते तोच तारामतीबाई खुर्चीवरून उठल्या. डोक्यावरचा पदर ढळला नाही, आवाजही चढला नाही.

“मामंजी, ट्रॅक्टर तुम्ही काढता का मी दुसऱ्याचा सांगू?”

अमृतरावांनी ट्रॅक्टर काढला. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं आपल्या बैलांचं शेण उचलणं त्यांना शोभणारं नव्हतं. सगळं गाव फावडी घेऊन आलं. सरांनीही दोन घमेली उचलली. तिसरं रेणुकाबाईंनी हातातून काढून घेतलं. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी सरांना न विचारता तूप वाढलं. ऊन कलायच्या आत शेण अमृतरावांच्या शेतात पोचलं होतं आणि या वेळी ट्रॉली रिकामी परत आली. उकिरड्याखाली गावाचा जुना हातपंप सापडला. कागदोपत्री तो चालू होता. लिननं वहिदाच्या पायरीवर बसून बूट धुतले. सरांना ती म्हणाली की त्यांच्याकडं एक म्हातारे प्राध्यापक आहेत, ते पस्तीस वर्षं भारताच्या पंचायतींवर शिकवतात, पण भारतात कधी आलेले नाहीत. त्यांच्या मनात शंका नाहीत. सर खूप वेळ हसले आणि मग त्यांनी त्या गृहस्थांचा पत्ता मागितला.

खरी अडचण चन्नबसप्पांची झाली. हा उकिरडा हलवल्याची नोंद करायची कुठं? तो आधी इतक्या वेळा हलवलेला होता की कागदावर शिल्लकच नव्हता. शेवटी त्यांनी ‘नैसर्गिक घट’ असं लिहिलं. वरून तातडीनं विचारणा आली की प्रात्यक्षिक उकिरड्याविना आता आम्ही पाहुण्यांना काय दाखवायचं? चन्नबसप्पांनी घाबरून जसं घडलं तसं लिहून पाठवलं, आणि त्यांच्या नोकरीतला हा पहिलाच खरा अहवाल वरच्यांना फार आवडला. त्याला ‘आंबेनाळ संघर्ष-संवाद पद्धती’ असं नाव मिळालं. मंगळवारी पुन्हा जीपगाड्या येऊ लागल्या. आता पाहुण्यांना भांडण बघायचं असतं.

वहिदा त्यात येत नाही. लग्नसराई आहे आणि दुकानात आता गिऱ्हाइकं उडी न मारता येतात, तिला सवड नाही. तिचं काम शिपायाची बायको करते, चांगलं करते. अमृतराव मात्र स्वतःचं काम स्वतः करतात. हट्टी माणूस त्यांच्याइतका कुणाला जमत नाही, आणि ‘चालतं का’ म्हणून ते वळतात तेव्हा नांदेडहून आलेल्या मंडळींच्या अंगावर काटा येतो. सर आपलं वाक्य म्हणायला जात नाहीत. ते दुपारी वहिदाच्या पायरीवर बसून तिकडच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना पत्र लिहितात, आणि लिन ते दोन्ही बाजूंना समजावून देते.

राहिला प्रश्न आकड्यांचा. नव्या पद्धतीत हलवलेले उकिरडे मोजत नाहीत, सहभागी नागरिक मोजतात. जो कुणी हे शेवटपर्यंत बघेल, ऐकेल किंवा वाचेल आणि मधे कुठंतरी हसेल, तो सहभागी धरावा, अशी वरून स्पष्ट सूचना आहे. तेव्हा तुमचं नाव चन्नबसप्पांनी घेतलं आहे. एक उकिरडा तुमच्या हातून हलला, अभिनंदन. तुमच्या स्वतःच्या गल्लीतला मात्र आहे तिथंच राहू द्या. नाहीतरी तुम्ही त्याला हात लावणार नव्हताच, आणि पाहणीला तो लागेल.